शहर राहण्यासारखे आहे का? – सोलापूरच्या निमित्ताने

(महिला संघटनांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



‘आपले शहर राहण्यासारखे आहे का?’ हा प्रश्न आजच्या चर्चेसाठी घेतला आहे. मी सोलापूरविषयी बोलणार आहे, कारण माझे काम तिथल्या विडी कामगार वस्त्यांमध्ये चालते. तुम्ही ऐकताना आपापले शहर डोळ्यांपुढे आणा. मालेगाव, इचलकरंजी, लातूर, जे असेल ते.

सोलापूर हे गिरण्यांचे शहर. जुनी मिल १८७७ साली निघाली. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू या गिरण्या उभ्या राहिल्या आणि कालांतराने एकामागून एक बंदही पडल्या. भोंगा थांबला, पुरुषाचा पगार थांबला. पण दोन वेळची चूल थांबवता येत नाही. ती विड्या वळणाऱ्या, यंत्रमागासाठी कांड्या भरणाऱ्या, टॉवेलांच्या कडा शिवणाऱ्या बायांनी पेटती ठेवली. ‘सोलापूर संपले’ असे लोक म्हणत होते, तेव्हा हजारो घरे या बायांच्या कमाईवर उभी होती.

आता शहर पुन्हा उभे राहते आहे, असे सांगितले जाते. जानेवारी २०१६ मध्ये जाहीर झालेल्या पहिल्या २० स्मार्ट शहरांत सोलापूरचे नाव होते. रंगभवन चौक सजला, पार्क मैदानावरचे स्टेडियम नवे झाले. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईसाठी वंदे भारत गाडी सुरू झाली, जून २०२५ मध्ये गोव्याचे विमान उडाले. शाळेचे गणवेश शिवण्याचा धंदाही वाढला. यातल्या कशालाच आपला विरोध नाही. चौकात दिवे लागले की रात्री कामावरून परतणाऱ्या बाईलाही बरे वाटते.

पण याच शहरात कित्येक वर्षे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येत राहिले. उजनी धरणाचे पाणी शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावरून आणावे लागते आणि समांतर जलवाहिनीचे काम वर्षानुवर्षे रखडले. याचा अर्थ विडी कामगार बाईच्या हिशेबाने बघू या. ती कारखान्यातून पान, तंबाखू आणि दोरा घेऊन येते. पान भिजवायचे, कापायचे, विड्या वळायच्या, दुसऱ्या दिवशी नेऊन द्यायच्या. हजार विड्यांना सगळा दिवस जातो. त्यातही खराब ठरवून काढलेल्या विड्यांचे पैसे मिळत नाहीत. मजुरी हजारी दराने. ज्या दिवशी पाणी सुटायचे, त्या दिवशी ती पहाटेपासून नळावर. भरणे, गाळणे, साठवणे, साचलेले धुणे उरकणे. तेवढ्या तासांच्या विड्या वळल्या जात नाहीत. म्हणजे पाण्याच्या गैरसोयीची किंमत तिच्या मजुरीतून वसूल होते. पाणीपट्टीच्या पावतीवर हा आकडा कधी दिसत नाही.

घराचेही तसेच आहे. आपल्याला जे घर दिसते, तो तिचा कारखाना असतो. तंबाखूची धूळ, अपुरा उजेड, शेजारी झोपलेले मूल. मालकाला या जागेचे भाडे द्यावे लागत नाही. म्हणून सोलापूरच्या विडी कामगार स्त्रियांनी घराची मागणी केली, तेव्हा ती कामाच्या जागेचीही मागणी होती. संघटनेच्या दीर्घ लढ्यातून कुंभारी येथे गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. २००६ साली तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरे देण्यात आली. खर्चात केंद्र, राज्य आणि कामगार स्त्री असे तिघांचे वाटे होते. पुढे त्याच भागात असंघटित कामगारांसाठी रे नगरची तीस हजार घरांची योजना आली. त्यातल्या पंधरा हजार घरांचे हस्तांतरण १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदींनी केले.

ही मोठी गोष्ट आहे. ‘निघ माझ्या घरातून’ असे नवऱ्याने म्हटल्यावर ‘घर माझे आहे’ हे उत्तर देता येणे म्हणजे काय, हे कौटुंबिक हिंसेच्या प्रकरणांत काम करणाऱ्या आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही पुढचा प्रश्न विचारावाच लागतो. वसाहत शहराबाहेर का? जमीन तिथे स्वस्त मिळते म्हणून. मग शहरात धुणीभांडी करणाऱ्या किंवा भाजी विकणाऱ्या बाईला रोजचे रिक्षाभाडे पडते. शेवटची बस चुकली तर काय? रात्री बाळंतपणाची वेळ आली तर? घराची किंमत कागदावर कमी झाली, पण उरलेली किंमत बाईच्या वेळेवर आणि जिवावर टाकली गेली.

हे प्रश्न मांडायचे कुठे? महाराष्ट्रात २०११ पासून महापालिकेतल्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. पण सोलापूर महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत तिथे प्रशासकाचा कारभार होता. स्मार्ट सिटीची कामे तर वेगळ्या कंपनीमार्फत झाली. शहर बदलण्याचे निर्णय होत होते आणि निवडून आलेली एकही बाई सभागृहात नव्हती.

मग सोलापूर राहण्यासारखे आहे का? माझे उत्तर ‘हो’ असे आहे. २०११ च्या जनगणनेत साडेनऊ लाखांचे हे शहर. मुंबईच्या मानाने अंतरे कमी, खोलीचे भाडे कमी. विडी कारखान्याच्या दारात बाया रोज एकमेकींना भेटतात, तिथेच संघटना होते. मोर्चा निघाला तर शहराला दखल घ्यावी लागते. घरे अशीच मिळाली. हे शहर राहण्यासारखे झाले ते तिथे राहणाऱ्या बायांनी भांडून केले म्हणून. ते भांडण थांबले तर चौक सजत राहतील आणि बाई नळावर उभीच राहील.

म्हणून आपल्या गटांसाठी एक काम सुचवते. आपापल्या वॉर्डातल्या वीस-पंचवीस बायांबरोबर बसून एका आठवड्याची नोंद करा: पाण्यासाठी किती तास गेले, कामाला पोचायला किती वेळ आणि पैसे लागले, बाजारात वापरता येईल असे स्वच्छतागृह किती अंतरावर आहे, मूल सांभाळायला पाळणाघर आहे की मोठी मुलगी शाळा बुडवून घरी राहते. ही नोंद घेऊन नगरसेविकेकडे जा आणि अंदाजपत्रकाच्या आधी जा. नंतर गेलो तर आश्वासन मिळते, तरतूद मिळत नाही.