डुक्कर फियाट बाहेर काढताना
वसई-विरारच्या खाऱ्या, दमट हवेत वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली पडलेली डुक्कर फियाट बाहेर काढताय? लगेच स्टार्टर मारू नका. आधी टाकीतलं जुनं पेट्रोल काढा. त्याच्या चिकट थराने कार्बुरेटर चोंदतो. चारही प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल सोडा, रात्रभर मुरू द्या, मग गाडी न्यूट्रलला ठेवून इंजिन हाताने फिरवा. अडलं तर जबरदस्ती नको. ब्रेकची रबरं बदलाच. पायाखालचा पत्रा टोकरून पाहा, गंज तिथेच लपतो. घाई मात्र सगळ्यांना रंगाची!

आणि आरसी बुक शोधा. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. मग ती रॅलीला, प्रदर्शनाला, दुरुस्तीला न्या. रोज बाजाराला नाही.