मावशीपासून आईपर्यंत

महाभारताच्या उद्योगपर्वात एक प्रसंग आहे. युद्ध टळावे म्हणून श्रीकृष्ण कर्णाला एकांतात गाठतो आणि त्याच्या जन्माची कथा उघड बोलून दाखवितो. तू कुंतीचा ज्येष्ठ पुत्र आहेस, पांडव तुझे धाकटे भाऊ आहेत, तेव्हा राज्य तुझेच आहे, असा त्या बोलण्याचा मथितार्थ. कर्णाच्या उत्तरात राज्याचा लोभ नाही की कुळाचा अभिमान नाही. नदीतून वाहत आलेल्या आपल्याला घरी नेताच मायेने राधेला पान्हा फुटला, तिने आपले मलमूत्र काढले. अशा मातेचा पिंड आपण कसा तोडावा, एवढेच तो विचारतो.

कर्णाच्या या साक्षीत दोन गोष्टी आहेत. पान्हा ही पहिली आणि मलमूत्र काढणे ही दुसरी. पहिलीविषयी कवींनी पुष्कळ लिहिले आहे. दुसरीविषयी सहसा कोणी बोलत नाही. परंतु परदेशातून मूल दत्तक घेणाऱ्या आजच्या मातेचे पहिले वर्ष पाहिले, तर कर्णाने दुसरी गोष्ट का सांगितली हे ध्यानात येते. पान्हा फुटल्याचा अनुभव प्रत्येकीच्या वाट्याला पहिल्याच दिवशी येतो असे नाही. दुसऱ्या गोष्टीवाचून मात्र कोणतीही स्त्री आई झालेली नाही.

देशांच्या सीमा ओलांडून होणारे दत्तकविधान हे मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळाचे अपत्य आहे. मिश्र वंशाच्या बालकांना घर मिळत नाही हे पाहून लेखिका पर्ल बक यांनी १९४९ मध्ये अमेरिकेत 'वेलकम हाऊस' ही संस्था काढली. १९५५ मध्ये अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातील होल्ट दांपत्याला कोरियन युद्धात पोरकी झालेली आठ मुले घरी आणता यावीत म्हणून तेथील काँग्रेसला खास कायदा करावा लागला. पोटची सहा मुले असलेली बर्था होल्ट आणखी आठ मुलांची आई झाली. भारतातूनही पुढे अनेक मुले युरोप-अमेरिकेत गेली. या व्यवहारातील गैरप्रकारांविषयी लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. ते पत्रच याचिका म्हणून दाखल झाले आणि १९८४ मध्ये न्यायमूर्ती भगवती यांच्या पीठाने आपला प्रसिद्ध निर्णय दिला. मुलासाठी आधी देशातच घर शोधावे, ते न मिळाल्यासच परदेशाचा विचार करावा, आणि तोही पूर्ण चौकशीअंती, हे त्या निर्णयाचे सूत्र. १९९३ च्या हेग कराराने हेच तत्त्व स्वीकारले, आणि भारत २००३ मध्ये त्या कराराला बांधला गेला.

कायद्याचा इतिहास येथे थांबवून श्रोत्यांनी आता स्वीडनमधील एक घर कल्पनेने डोळ्यांसमोर आणावे. काळ २०१० च्या सुमाराचा, गाव उप्साला शहराजवळचे. पतिपत्नी चाळिशीकडे झुकलेली. अर्ज, मुलाखती, वैद्यकीय दाखले, मिळकतीचे पुरावे आणि समाजसेविकेच्या गृहभेटी यांत त्यांची तीन-चार वर्षे गेली आहेत. अखेर महाराष्ट्रातील एका शिशुगृहातल्या अडीच वर्षांच्या मुलीचे छायाचित्र त्यांच्या हाती येते. न्यायालयाचा हुकूम आणि पारपत्र मिळेपर्यंत ते छायाचित्र स्वयंपाकघराच्या भिंतीवर राहते. रोज सकाळी ती स्त्री त्याच्याकडे पाहते आणि आपण आई झालो असे मनाशी म्हणते. परंतु छायाचित्र कधी रडत नाही, हट्ट करीत नाही आणि पाहणाऱ्याला नाकारीतही नाही.

दोघे मुलीला नेण्यासाठी भारतात येतात. शिशुगृहाच्या कचेरीत एक आया मुलीला घेऊन येते. मुलीला नवा झगा घातलेला आहे, केस चापून बसविलेले आहेत, डोळ्यांत काजळ आहे. ज्या बाईने हे सारे केले तिच्या पदराला ती घट्ट धरून आहे. पदर सोडवावा लागतो. मुलगी किंचाळते, आयेच्या डोळ्यांना धार लागते, आणि छायाचित्र काढायला आणलेला कॅमेरा तसाच टेबलावर राहतो. इतकी वर्षे त्या स्त्रीने या क्षणाकडे मूल मिळण्याचा क्षण म्हणून पाहिले होते. मुलीच्या लेखी तो तिचे सर्व जग हरवण्याचा क्षण आहे, हे तिला त्या कचेरीत प्रथमच उमगते.

पुढचे काही दिवस मुलगी एकदाही रडत नाही. पुढे ठेवलेले सर्व खाते, निजविले की निजते. मूल फार गुणी आहे असे आई घरी कळविते. या गुणीपणाचा अर्थ तिला पुढे समजतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी मातृवियोगावर एक अहवाल लिहिला. त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी आईवाचून रुग्णालयात राहिलेल्या लहान मुलांचे बारकाईने निरीक्षण केले. असे मूल आधी आक्रोश करते, मग हताश होते, आणि शेवटी कोणाशीही हसून राहू लागते. या तिसऱ्या अवस्थेला परिचारिका मूल रुळले असे म्हणत. वस्तुतः त्याने आशा सोडलेली असे.

नोव्हेंबरअखेर तिघे स्वीडनला पोहोचतात. त्या प्रदेशात डिसेंबरात दुपारी तीनच्या आतच सूर्य मावळतो. लोकरीचे मोजे पाहून मुलगी पाय आखडून घेते. न्हाणीतल्या पाण्याने भरलेल्या टबात उतरायला घाबरते. तिच्यासाठी चित्रांचे पडदे लावून स्वतंत्र खोली सजविली आहे, पण तेथे तिला झोप येत नाही. जन्मापासून ती दहा-वीस मुलांच्या श्वासोच्छ्वासात निजलेली आहे. एकांत आणि शांतता तिला ठाऊकच नाही. तिसऱ्या रात्री वडील तिची गादी उचलून आपल्या पलंगाशेजारी जमिनीवर घालतात. सजविलेली खोली वर्षभर रिकामी राहते.

अंथरूण झाडताना उशीखाली पावाचे तुकडे सापडतात. पुन्हा खायला मिळेल याची ज्या मुलाला खात्री नसते ते अन्न लपविते. त्यावर रागावून उपयोग नसतो. आई एका वाडग्यात केळी आणि बिस्किटे मुलीच्या हाताला लागतील अशी ठेवते आणि तो वाडगा कधी रिता होऊ देत नाही. पुस्तकात वाचून ती तुरीच्या डाळीचे वरण करायला शिकते. पहिले वरण करपते. दुसऱ्या खेपेला मुलगी चमचा बाजूला सारून हाताने भात कालवते, आणि आईही चमचा ठेवून तसेच जेवू लागते.

घरी आजी आहे. नातीला कडेवर घेण्यासाठी तिचे हात शिवशिवतात. परंतु पहिले काही महिने मुलीला भरविणे, न्हाऊ घालणे, उचलून घेणे ही कामे आईवडिलांनीच करावीत, असा समाजसेविकेचा सल्ला आहे. मुलगी कोणाही पाहुण्याच्या मांडीवर हसत जाऊन बसते, आणि पाहुणे कौतुक करतात. ज्या मुलाने पाळीपाळीने बदलणारे अनेक हात पाहिले आहेत, त्याला आपले माणूस आणि परके माणूस हा भेदच शिकावा लागतो. आजी रुसते, मग समजून घेते, आणि टोप्या विणून पाठविते.

या सर्व काळात त्या आईचे काय होते? दहा वर्षे जिची वाट पाहिली ती मुलगी घरात आहे. तरीही दुपारच्या काळोखात खिडकीशी बसल्यावर आपण दुसऱ्या कोणाचे तरी मूल सांभाळीत आहोत असे तिला वाटते. झोप अपुरी, अंगात त्राण नाही, आणि मनात मायेच्या जागी नुसते कर्तव्य. बाळंतिणीला उदासी आली तर सर्वांना समजते. हिने प्रसूतीच्या वेदना सोसलेल्या नाहीत, मूल मागून घेतले आहे; मग हिला दुःख करण्याचा काय अधिकार? अभिनंदनाला आलेल्या लोकांपुढे ती हे बोलू शकत नाही. अमेरिकेतील दत्तकसेवेत काम करणाऱ्या जून बाँड यांनी १९९५ मध्ये दत्तक मातांच्या या उदासीला स्वतंत्र नाव दिले, तोवर तिला नावसुद्धा नव्हते. अखेर एका रात्री ती पतीला खरे सांगते. स्वीडनमध्ये दत्तक पालकांनाही जन्मदात्या पालकांप्रमाणे दोघांत मिळून ४८० दिवसांची भरपगारी नव्हे, तरी सभत्ता रजा मिळते. पती आपल्या वाट्याची रजा लवकर घेतो. आई प्रथमच सलग आठ तास झोपते. माया आटली आहे असे तिला वाटत होते; तिला आधी विश्रांती हवी होती.

मुलगी तिला 'मावशी' म्हणते. त्या शब्दाचा अर्थ 'आई' असावा अशी तिची समजूत झालेली आहे, आणि तो ऐकून ती सुखावते. विद्यापीठात शिकणारा एक मराठी विद्यार्थी घरी जेवायला येतो, तो संकोचाने खरा अर्थ सांगतो. शिशुगृहात सांभाळणाऱ्या प्रत्येक बाईला मुले मावशी म्हणतात. म्हणजे तीन महिन्यांनंतरही मुलीच्या लेखी ती पाळीवर आलेली आणखी एक बाई आहे. तिचा उतरलेला चेहरा पाहून विद्यार्थी तिला एक म्हण सांगतो. आमच्याकडे 'माय मरो पण मावशी उरो' असे म्हणतात. मावशी ही काही कमी पदवी नव्हे. आई त्या शब्दात दुरुस्ती करावयाची नाही असे ठरविते.

चौथ्या महिन्यात एका रात्री मुलीला ताप येतो. ती उठून बसते, उलटी करते आणि मोठ्याने रडते. या घरात रात्री ती प्रथमच रडली आहे. ज्या दालनात वीस मुलांमागे रात्री एकच बाई असते, तेथे रडून कोणी येत नाही हे मूल लवकर शिकते आणि गप्प राहते. आज तिने हाक मारली, याचा अर्थ कोणीतरी येईल असे तिला वाटले. आई धावते, अंथरूण बदलते, तिचे अंग पुसते, बरबटलेले केस धुते. पहाटेपर्यंत मुलगी तिच्या वेणीचा शेपटा मुठीत धरून निजते. पुढे केव्हातरी 'मावशी' या शब्दाच्या जागी 'मम्मा' हा शब्द आला. तो कोणत्या दिवशी आला हे घरात कोणालाही नेमके सांगता येत नाही. ती तापाची रात्र मात्र आईला तारखेसह आठवते.

सहा महिन्यांत मुलीची मराठी नाहीशी झाली. 'पाणी', 'नको', 'दे' हे शब्द एकेक करून गेले. परंतु बालपणीची भाषा पुरती पुसली जाते असेही नाही. माँट्रियल येथील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सुमारे वर्षाच्या वयात चीनमधून येऊन फ्रेंच भाषेत वाढलेल्या मुलींची तपासणी केली. त्यांना चिनीचा एकही शब्द कळत नव्हता. तरी चिनी स्वरांचे चढउतार ऐकताना त्यांचा मेंदू चिनी बोलणाऱ्यांप्रमाणेच काम करीत होता. नेदरलँड्समध्ये वाढलेल्या कोरियन दत्तकांना कोरियन वर्णांचे उच्चार इतरांपेक्षा लवकर साधतात, असे २०१७ मधील एका अभ्यासात दिसले. जीभ विसरते, कान विसरत नाही.

मूल आपल्याबरोबर काहीतरी घेऊन येते, आणि त्या काहीतरीमध्ये एक जन्मदात्री माताही असते. दत्तक मातेची खरी कसोटी येथे लागते. मुलीला तिच्या जन्माविषयी केव्हा आणि किती सांगावे? गेल्या काही वर्षांत या प्रश्नाला अधिकच धार आली आहे. जुन्या परदेशी दत्तकांत खोटी कागदपत्रे व इतर गैरप्रकार झाल्याचे चौकशी समितीने सांगितल्यावर नेदरलँड्सने २०२१ मध्ये अशा दत्तकविधानांना स्थगिती दिली. चीनने २०२४ मध्ये नातलगांसारखे थोडे अपवाद ठेवून परदेशी दत्तक बंद केले. स्वीडनमध्येही सरकारने नेमलेल्या चौकशीने जून २०२५ मध्ये परदेशांतून मुले दत्तक घेणे थांबवावे अशी शिफारस केली. आपल्या मुलीची कागदपत्रे खरी आहेत काय, तिच्या जन्मदात्रीने खरोखर संमती दिली होती काय, हे प्रश्न आता त्या घरातही उभे राहिले आहेत. ज्या आईने मुलीला मनापासून वाढविले आहे तिला ते टोचणारच. परंतु ते प्रश्न विचारण्याचा पहिला अधिकार मुलीचा आहे, आणि तिने विचारले तर तिच्याबरोबर उत्तर शोधायला जाणे हे आईचे काम आहे.

कर्णाच्या कथेचा शेवट या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्याला दोन माता होत्या, ही त्याची शोकांतिका नव्हे. कुंतीने ते सत्य पांडवांपुढे उच्चारले ते कर्ण रणात पडल्यानंतर, तिलांजली देण्याच्या वेळी. तोवर भावाने भावाला मारले होते.

उप्सालाजवळच्या त्या घरात कपाटात एक पेटी आहे. तिच्यात अडीच वर्षांच्या मुलीचा झगा, शिशुगृहाची कागदपत्रे आणि एक लहानशी वही आहे. मुलगी पहिल्या महिन्यांत जे शब्द बोलत असे ते आईने ऐकू आले तसे स्वीडिश अक्षरांत त्या वहीत लिहून ठेवले आहेत. पेटीला कुलूप नाही. वहीतला पहिला शब्द 'मावशी' हा आहे.