परत येणाऱ्या मुलाचा पहिला दिवस



यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या या सभागृहातली गर्दी इतर विद्यापीठांच्या पदवीदानासारखी नाही. इथे बसलेल्यांपैकी पुष्कळांची शाळा किंवा कॉलेज एकदा सुटलेलं आहे. कुणाचं लग्न लवकर झालं, कुणाचे वडील गेले, कुणी दहावीच्या गणितात अडकलं आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यात कामाला लागलं. 1989 मध्ये हे विद्यापीठ उभं राहिलं ते अशा माणसांना परत येता यावं म्हणून. पुन्हा वही हातात घेताना काय वाटतं, हे तुम्हाला कुणी सांगायला नको. आणि तुमच्यातले कितीतरी जण आज बी.एड. होऊन शाळेत उभे राहणार आहेत, किंवा आधीच उभे आहेत. म्हणून आज मी शाळेत परत येणाऱ्या मुलांबद्दल बोलणार आहे.

आपल्याच नाशिक जिल्ह्यात पाहा. पावसाळा संपतो, भात-नागली घरात येते आणि सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, हरसूलकडची कुटुंबं खाली उतरू लागतात. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत गोडी छाटणी, मग डिपिंग, विरळणी आणि शेवटी खुडा, असा कामांचा क्रम मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. कुणी वीटभट्टीवर जातं. कुणी मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातं. आईवडिलांबरोबर मूल जातं, आणि मोठी मुलगी असेल तर धाकट्याला सांभाळायला जातेच. इथे बाग फुलते तेव्हा तिकडच्या शाळेचा पट रिकामा होतो. हे दरवर्षी, ठरल्या महिन्यांत होतं. जे ठरल्या महिन्यांत होतं त्याची तयारी करता येते, हे मला आधी सांगायचं आहे.

तयारीची साधनंही आहेत. गावात आजी-आजोबांजवळ मूल राहावं म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे. स्थलांतर करणाऱ्या मुलाला देण्याचं शिक्षण हमी पत्रक आहे. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. शाळा सोडल्याचा दाखला आला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, असं तो स्पष्ट सांगतो. स्थलांतरित कुटुंबातल्या मुलांना प्रवेश मिळवून देणं हे त्याने स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्यच ठरवलं आहे. राज्यातले अनेक शिक्षक बालरक्षक म्हणून वस्त्या, भट्ट्या, फड पालथे घालतात. त्यांच्याबद्दल मला नितांत आदर आहे.

पण शोधून आणलेलं मूल वर्गात बसल्यावर पहिल्या आठवड्यात त्याचं काय होतं, याची नोंद कुठल्याच रकान्यात नसते. माझं म्हणणं एवढंच आहे की मूल शाळेत टिकणार की नाही, हे बहुतेक वेळा त्या आठवड्यात ठरतं.

ते मूल आत येतं तेव्हा त्याच्या जागेवर दुसरं कुणीतरी बसलेलं असतं. भागाकार होऊन वर्ग अपूर्णांकावर गेलेला असतो. घरी कोकणा बोली, पुस्तकात प्रमाण मराठी, त्यात चार महिन्यांचा खंड. आणि पहिला प्रश्न येतो, ‘कुठे होतास इतके दिवस?’ हा प्रश्न साऱ्या वर्गासमोर विचारला जातो, आणि त्याचं उत्तर देणं नऊ वर्षांच्या मुलाच्या हातात नसतं. कुठे जायचं हे त्याने ठरवलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते येतं. तिसऱ्या दिवशी पोट दुखतं. मग ते शेळ्यांमागे जातं, आणि आपण म्हणतो, पालकांना शिक्षणाचं महत्त्व नाही.

त्याच मुलाला विचारा, एका क्रेटमध्ये किती किलो माल बसतो, दिवसाला किती क्रेट भरले, मजुरीचा हिशेब कसा झाला. गुणाकार त्याला येत असतो. त्याने तो कागदावर केलेला नसतो, एवढंच. तिथून सुरुवात करणारा शिक्षक त्या मुलाला पंधरा दिवसांत वर्गाच्या बरोबरीला आणेल असं मी म्हणत नाही. पण सोळाव्या दिवशी ते मूल शाळेत असेल, असं मला खात्रीने वाटतं.

हजेरीपटाबद्दलही बोललं पाहिजे, कारण आपण तो रोज भरतो आणि क्वचितच वाचतो. चाळीस मुलांच्या वर्गाची सरासरी हजेरी 90 टक्के असेल तर साहेब खूश होतात. 90 टक्के म्हणजे रोज चार मुलं गैरहजर. ती रोज वेगवेगळी चार असतील तर फार काळजी नको. रोज तीच चार असतील तर ती शाळेतून गेलेली आहेत, फक्त नावं पटावर उरली आहेत. गोषवाऱ्यात दोन्ही वर्ग सारखेच दिसतात. अमेरिकेतल्या शाळांनी अलीकडच्या काळात यासाठी सरासरी बाजूला ठेवून एकेका मुलाचे बुडालेले दिवस मोजायला सुरुवात केली. वर्षाच्या दहा टक्के दिवस बुडाले की धोक्याची खूण. आपल्याकडे पहिली ते पाचवीला कायद्याने 200 दिवस शाळा, म्हणजे वीस दिवस. महिनाभर सलग न येणारं मूल आपण शाळाबाह्य धरतो. पण दर आठवडे बाजाराला आईच्या पाटीजवळ बसणारी मुलगी कधीच महिनाभर सलग गैरहजर नसते. तिचे वीस दिवस दिवाळीच्या पुढे-मागे भरून जातात, आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

मुलींसाठी राज्याने 1992 पासून उपस्थिती भत्ता दिला. दारिद्र्यरेषेखालच्या दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त घरांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना हजर दिवसामागे 1 रुपया. त्या काळी त्यामागचा हेतू मोलाचा होता. वर्षानुवर्षं तो 1 रुपयाच राहिला, हे मात्र मला लाजिरवाणं वाटतं. गरिबाच्या घरी मुलाचा दिवस फुकट नसतो, हे जोतीराव फुल्यांना नीट माहीत होतं. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली. त्याआधी 1855 मध्ये शेतकरी-कामकऱ्यांसाठी त्यांनी रात्रीची शाळा काढली होती, दिवसा त्यांना सवड नव्हती म्हणून.

हीच दिशा पुढे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी धरली. अनुताई लहान वयात विधवा झाल्या, शिकल्या, आणि या नाशिक जिल्ह्यातल्या प्राथमिक शाळेत त्यांनी नोकरी केली. 1945 मध्ये बोर्डीला ताराबाईंनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, ते 1957 मध्ये डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली मुलं शाळेत येत नव्हती, कारण ती गुरं राखत. मग या दोघींनी कुरणशाळा काढली. गुरं चरतात तिथे शिक्षक गेला, आणि पानं, दगड, बिया यांवर मुलं मोजायला शिकली. आधी गुरं सोडा, मग शाळेत या, अशी अट त्यांनी घातली नाही. आज एखाद्या योजनेला शंभर अटी लागताना दिसतात तेव्हा मला त्या कुरणाची आठवण होते.

तुमच्यापैकी जे शिक्षक आहेत त्यांच्याकडे माझं एक मागणं आहे. आत्ता बागांत खुडा चालू आहे. होळीला सुरगाणा-पेठची माणसं घरी जातील, हंगाम सरला की कायमची परततील, आणि वार्षिक परीक्षेच्या तोंडावर त्यांची मुलं तुमच्या वर्गाच्या दारात उभी राहतील. डोंगरावरच्या शाळांतल्या शिक्षकांनी त्या मुलांचा पहिला आठवडा आजच आखून ठेवावा. कुणाशेजारी बसवायचं, काय विचारायचं, कुठला धडा तूर्त सोडून द्यायचा. निफाड-दिंडोरीतल्या शिक्षकांनी या महिन्यात बागेतल्या झोपड्यांपर्यंत एकदा जाऊन यावं. तिथलं मूल निघेल तेव्हा ते काय शिकलं हे दोन ओळींत लिहून, पुढच्या शिक्षकाच्या नावाने, त्याच्या हातात द्यावं. आणि ज्यांनी शिक्षक होण्यासाठी पदवी घेतलेली नाही, त्यांच्या शेतावर, भट्टीवर, साइटवर मजुरांची मुलं असतील तर जवळच्या शाळेला ते कळवावं.