कुष्ठरोग, मज्जातंतू आणि डॉ. कमल रणदिवे



वर्धापनदिनी विज्ञानावर काहीतरी बोला, असे विहार कमिटीने आम्हाला सांगितले. काहीतरी म्हणजे काय, हे काही सांगितले नाही! म्हणून आम्ही जवळचाच विषय घेतला. शेंडा पार्क म्हटले की आपल्या मंगळवार पेठेतल्या जुन्या माणसांना अजून कुष्ठरोग्यांची वसाहतच आठवते.

लोक याला कातडीचा रोग समजतात. खरे म्हणजे हा मज्जातंतूंचाही रोग आहे. विजेच्या तारेवर रबर असते ना, तसे मज्जातंतूंवर पेशींचे आवरण असते. १८७३ साली नॉर्वेच्या हॅन्सनने शोधलेला हा जंतू नेमका त्या आवरणात घर करतो. मग तव्याचा चटका कळत नाही, पायात खिळा घुसला तरी माणूस चालतच राहतो. बोटे जंतू खात नाही हो. न कळलेल्या जखमा चिघळून बोटे झिजतात.

दुसरी गोष्ट प्रतिकारशक्तीची. बहुतेकांचे शरीर या जंतूला दादच देत नाही. काहींच्या शरीराला मात्र शत्रू ओळखताच येत नाही, त्यांच्यात जंतू बेसुमार वाढतो. आणखी काहींत शरीर जंतूवर असे तुटून पडते, की त्या मारामारीत मज्जातंतूच सुजून निकामी होतो. चोर पकडायला आलेल्यांनीच घर मोडावे, तसे.

या कोड्याला ज्यांनी हात घातला, त्यांत एक बाई होत्या. डॉ. कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ. जन्म पुण्यात, १९१७ साली. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्राचे प्राध्यापक. मुलींनी शिकलेच पाहिजे, या मताचे. लग्नानंतर त्या मुंबईला आल्या आणि डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली काम करून १९४९ साली पीएच.डी. झाल्या. पुढे अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्याकडे, शरीराबाहेर काचेच्या भांड्यात जिवंत पेशी वाढवण्याची विद्या शिकल्या. परत येऊन त्यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात तशी प्रयोगशाळा उभी केली. त्यांचे मुख्य काम कॅन्सरवरचे. पण ही विद्या कुष्ठरोगालाही उपयोगी पडली.

अडचण अशी, की कुष्ठरोगाचा जंतू काचेच्या नळीत वाढतच नाही. आजही वाढत नाही. त्यांनी विचार केला, याला मज्जातंतू आवडतात ना, मग तेच देऊ. मणक्यालगतच्या मज्जागाठींच्या पेशी वाढवून त्यांत रोग्याच्या शरीरातले जंतू सोडले. १९५८ साली बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी जाहीर केले, की एक जंतू वाढला आहे. संस्थेच्या इंग्रजी नावावरून त्याला आय.सी.आर.सी. जंतू म्हणू लागले.

पुढे कळले, की हा कुष्ठरोगाचा जंतू नव्हे, त्याच्या भावकीतला दुसराच आहे. एवढी वर्षे फुकट गेली म्हणायची का? आम्हाला तसे वाटत नाही. भावकीतला असल्यामुळे तो दाखवून शरीराला खरा शत्रू ओळखायला शिकवता येईल, हे डॉ. माधव देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेरले. मेलेल्या जंतूंपासून त्यांनी लस केली. तमिळनाडूत १९९१ साली सुरू झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष १९९८ साली आले: या लसीचे संरक्षण ६५.५ टक्के, एकट्या बीसीजीचे ३४.१. तोवर बहुविध औषधांनी रोगी झपाट्याने कमी होऊ लागले होते. ही लस सर्वांना टोचण्याची मोहीम काही निघाली नाही. कमलताईंना १९८२ साली पद्मभूषण मिळाले. २००१ साली त्या गेल्या.

आता आपल्याकडे येऊ. फिकट किंवा लालसर चट्टा, त्यावर कापूस फिरवला तरी कळत नाही, असे दिसले तर झाकू नका. सरकारी दवाखान्यात औषध फुकट आहे, ६ महिने किंवा १२ महिने. औषध सुरू झाले की थोड्याच दिवसांत संसर्ग पसरायचा थांबतो. मात्र मज्जातंतू एकदा गेला, की गोळी तो सहसा परत आणत नाही.

आमच्या ओळखीतल्या एका मामांनी चट्टा दोन वर्षे सदऱ्याखाली लपवला. का, तर लोक शिवणार नाहीत. शिवाशिव म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. औषध सुरू होईपर्यंत करंगळी वाकली होती. कोर्स पुरा झाला, तरी घरात त्यांचा कप वेगळाच. गेल्या महिन्यात आम्ही तिथे गेलो आणि त्याच कपात चहा मागितला. मामी जरा घुटमळल्या. मग दिला.