सिनेमाने मला बोलते केले
(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



"तू एवढी सिनेमावेडी, तर सिनेमावरच चार शब्द बोल," अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चुकलेमाकले पदरात घ्यावे.

सिनेमाचा नाद मला लहानपणापासून. गणपतीत गल्लीत पडदा लावीत, तेव्हा आम्ही पोती टाकून पुढची जागा धरीत असू. पडद्यावर एखादा वेडा आला की आम्ही पोट धरून हसायचो, आणि त्याला विजेचा झटका देताना दाखवले की डोळे मिटून घ्यायचो. त्यामुळे मनाचा आजार म्हणजे एक तर हसण्याची गोष्ट, नाहीतर भिण्याची, हे डोक्यात पक्के बसले.

२०२१ साली माझ्या सासूबाई गेल्या. तीन वर्षे त्या अंथरुणाला खिळून होत्या आणि त्यांचे सगळे मी केले. लोक म्हणाले, "सुटलीस गं बाई!" पण मी सुटले नव्हते. दूध उतू जाई आणि मी समोर उभी राहून नुसती बघत असे. जेवण जाईना, झोप लागेना. रात्रभर फोनवर सिनेमे पाहू लागले. तेवढ्यापुरता विसर पडे, पण उरलीसुरली झोपही गेली आणि सकाळी मन अधिकच जड. नादाचे व्यसन झाले होते, हे कबूल करते.

अशाच एका रात्री १९६९ सालचा 'खामोशी' पाहिला. वहिदा रेहमान त्यात राधा नावाची परिचारिका आहे. रुग्णांना माया लावून बरे करता करता शेवटी तिचेच मन ढासळते. सारे जण तिच्याकडून सेवा घेतात. तुझे कसे चालले आहे, हे वेळेवर कोणी विचारीत नाही. मला हुंदका आवरेना. ती बाई मला अगदी ओळखीची वाटली.

पुढे मुलीने सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'कासव' लावला. २०१६ सालच्या चित्रपटांत त्याला सुवर्णकमळ मिळाले. जीव नकोसा झालेल्या एका तरुणाला जानकी कोकणात आपल्या घरी ठेवून घेते. उपदेश करीत नाही, खोदून विचारीत नाही. आसरा देते आणि वाट बघते. ती स्वतःही त्या दुखण्यातून गेलेली असते. सिनेमा संपला आणि मी मुलीला म्हणाले, "मलाही असेच होते गं." एवढे एक वाक्य बोलायला मला आठ महिने लागले होते!

मुलीने मला सरकारी इस्पितळात मनोविकाराच्या डॉक्टरांकडे नेले. तिथे कोणी हसले नाही. आजाराला नाव मिळाले आणि गोळ्या सुरू झाल्या. सिनेमात अडीच तासांत माणूस बरे होते. खऱ्या आयुष्यात गोळीचा गुण दिसायलाच काही आठवडे जातात. बरे वाटले म्हणून आपल्या मनाने ती बंदही करायची नसते. आज मी आपल्यापुढे उभी आहे ती त्या औषधाने आणि घरच्यांच्या धीराने. सिनेमाने मला बरे केले नाही. त्याने मला बोलते केले.

भगिनींनो, आपण भिशीत, हळदीकुंकवात गुडघेदुखी मोकळेपणी सांगतो, पण मनाचे दुखणे पदराआड लपवतो. ज्यांना घरी सांगता येत नाही, त्यांच्यासाठी २०२२ पासून सरकारची 'टेलि-मानस' सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही फुकट बोलता येते, आणि मराठीत बोलता येते.

मंडळाला माझी एकच विनंती आहे. वर्षातून दोन-तीनदा आपण मिळून असा एखादा सिनेमा पाहावा आणि संपल्यावर लगेच चपला शोधू नयेत. अर्धा तास चहा घेत बसावे. कुणीतरी शेजारणीला विचारावे, "तुझे कसे चालले आहे?" आणि उत्तर येईपर्यंत थांबावे.