लाकडाची रेघ

काशीच्या पंचगंगा घाटाला लागूनच दुर्गाघाट आहे. पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर यांचे नाव या घाटांच्या इतिहासाशी जोडलेले आहे, आणि नाना फडणिसांचा वाडाही याच परिसरातला. घाटाच्या पायऱ्या चढून वर आले की ब्रह्मचारिणी देवीचे देऊळ लागते. नवरात्रात दुसऱ्या माळेला तेथे रीघ लागते. या भागातल्या अरुंद गल्ल्यांत अजूनही काही घरांतून मराठी शब्द कानी पडतो. मराठी मंडळींनी काशीस जे नेले त्यात वेदपठणाबरोबर मल्लखांबही होता. दुसऱ्या बाजीरावांच्या पदरचे बाळंभटदादा देवधर आणि काशीचे कोंडभटनाना गोडबोले यांची नावे या विद्येच्या परंपरेत आजही आदराने घेतली जातात.

या वस्तीतल्या एका वृद्ध गृहस्थांकडे त्यांचा बारा वर्षांचा नातू अमेरिकेहून सुटीत आला होता. आजोबांनी त्याला आखाड्यात नेऊन मल्लखांब दाखविला. बुंध्याशी जाड, वर निमुळता होत गेलेला, शेवटी बारीक मान आणि तिच्यावर बोंड. मुलगा क्षणभर पाहत राहिला आणि म्हणाला, “आजोबा, ही तर जमिनीत पुरलेली बॅट!”

ज्या श्रोत्यांनी बेसबॉलचा खेळ पाहिला नसेल त्यांनी क्रिकेटची चपटी बॅट डोळ्यांपुढून दूर करावी. बेसबॉलचा दांडू गोल असतो. तो तासून नव्हे, तर कातून काढतात. म्हणजे हे काम सुताराचे नव्हे, कातारी माणसाचे. हे ध्यानात येताच आजोबा म्हणाले, “अरे, मग चल. दांडू जेथे होऊ शकेल अशी जागा तुला दाखवितो.”

कश्मीरीगंज आणि खोजवां हे काशीतले खरादी कारागिरांचे मोहल्ले. खराद म्हणजे आपला कात. लाखेने रंगविलेली लाकडी खेळणी आणि लग्नकार्यातल्या सिंदूरदाण्या यांसाठी हा धंदा प्रसिद्ध आहे. त्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि २०२४ साली येथल्या गोदावरी सिंह या कारागिरांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. आजोबा व नातू ज्या कारखान्यात शिरले तो मात्र दहा पावलांत संपणारा होता. एक विजेची मोटर, तिने फिरणारा कात, भिंतीशी ओंडक्यांचा ढीग, आणि जमिनीवर घोटाभर लाकडाचा कीस.

कारागिराने बोलता बोलता एक तुकडा कातावर चढविला. हत्यार टेकताच लाकडाच्या पापुद्र्यासारख्या वळ्या उडू लागल्या आणि दोन मिनिटांत चौकोनी तुकड्याचा भोवरा झाला. मग त्याने फिरत्या लाकडावर लाखेची तांबडी कांडी दाबून धरली. घर्षणाच्या उष्णतेनेच लाख वितळली आणि लाकडावर चढली. कुंचला नाही, भट्टी नाही. सावंतवाडीचे आपले कारागीरही याच रीतीने लाख चढवितात आणि केवड्याच्या पानाने तिला झिलई देतात.

मुलाने भ्रमणध्वनीवर बॅटचे चित्र दाखविले. कारागिराने ते निरखून पाहिले, ढिगातला एक लांब तुकडा उचलला, उजेडाकडे धरला आणि परत ठेवला. “आकार होईल, पंडितजी,” तो म्हणाला, “पण बॅट होणार नाही. हे निलगिरीचे लाकूड. याची रेघ सरळ नाही. चेंडू लागेल आणि मुठीपाशी चिरेल. लेकराच्या तोंडावर उडाले तर?”

त्याचे म्हणणे मुलाला पटावयास वेळ लागला नाही. अमेरिकेतल्या मोठ्या सामन्यांत मेपलच्या बॅटी मोडून त्यांचे तुकडे उडू लागले, तेव्हा त्यांच्या मुठीवर शाईचा ठिपका देण्याचा नियम झाला. शाई लाकडाच्या तंतूंच्या वाटेने पसरते. ती रेघ बॅटच्या अक्षापासून तीन अंशांहून अधिक कललेली असली की ती बॅट बाद. तेथे जे ठिपक्याने तपासतात ते येथे डोळ्याने तपासले जात होते.

या धंद्याचे मूळ लाकूड कोरैया, म्हणजे कुडा. कालिदासाच्या यक्षाने मेघाला अर्घ्य दिले ते याच कुटजाच्या फुलांनी. पांढरे, मऊ, लाख धरणारे हे लाकूड जंगलावरील निर्बंधांमुळे मिळेनासे झाले आणि कारागिरांना निलगिरीकडे वळावे लागले. लाकूडतोडीला आळा हवा, हे खरे; पण त्याची किंमत कोणी मोजली, हेही विसरता येत नाही.

बेसबॉलची कथाही फार निराळी नाही. अमेरिकेच्या लुइव्हिल शहरात हिलरिक नावाच्या कातारी गृहस्थांचा कारखाना होता. जिन्याचे कठडे आणि पलंगाचे खूर कातणे हा त्यांचा धंदा. १८८४ साली त्यांच्या मुलाने पीट ब्राउनिंग या खेळाडूला एक बॅट कातून दिली, असे त्या घराण्यात सांगतात. वडिलांना हा उद्योग पोरकट वाटे. पुढे त्याच बॅटींनी घराण्याचे नाव जगभर नेले. आणि आज? ज्या अॅश वृक्षाच्या बॅटी पिढ्यान्‌पिढ्या होत आल्या, त्याला आशियातून गेलेल्या एका हिरव्या किड्याने ग्रासले आहे. २००२ साली मिशिगनमध्ये तो किडा प्रथम ओळखला गेला, आणि तेव्हापासून कोट्यवधी झाडे वाळली. लुइव्हिल असो की काशी, कातारी माणसाचे हात शेवटी झाडाशी बांधलेले.

“तुमचा मुलगा हे काम शिकतो का?” आजोबांनी विचारले. “तो दुकानात नोकरी करतो,” कारागीर म्हणाला. “महिन्याला पगार ठरलेला असतो. मी त्याला दोष देत नाही.” मोटरीचा आवाज तेवढा चालू राहिला.

निघताना त्याने वीतभर लांबीची एक तांबडी बॅट कातून मुलाच्या हातात ठेवली. “ही खेळायला नाही, ठेवायला,” असे बजावले आणि तिचे दाम चोख मोजून घेतले.

संध्याकाळी दुर्गाघाटावर परतल्यावर मुलगा पुन्हा आखाड्यात गेला. मल्लखांब चढण्याचा हट्ट त्याने धरला नाही. त्याने तळहात खांबावर ठेवला, आणि तेलाने काळवंडलेल्या त्या लाकडाची रेघ अंगठ्याने चाचपीत, ती बुंध्यापासून मानेपर्यंत सरळ जाते की नाही, हे तो पाहत राहिला.