आईचं मत, माझा फोन



माझी आई ऊसतोडीला जायची. मतदान हंगामात आलं की तिचं मत बुडायचं. म्हणून फोनवरून मतदान म्हटलं की पहिल्यांदा मलाही बरंच वाटतं.

२८ जून २०२५ रोजी बिहारमधल्या काही नागरी संस्थांच्या निवडणुकीत मोबाईल ॲपवरून मतदान झालं. वृद्ध, अपंग, गरोदर स्त्रिया, स्थलांतरित यांची सोय हा हेतू. असा विषय निघाला की चर्चा हॅकिंगपाशी थांबते. ती भीती खोटी नाही. २०१० मध्ये वॉशिंग्टन शहरानं आपली इंटरनेट मतदान यंत्रणा चाचणीसाठी खुली केली, तेव्हा मिशिगन विद्यापीठाच्या गटानं ४८ तासांत ताबा घेऊन मतं बदलून दाखवली.

पण समजा, यंत्रणा अभेद्य झाली. तरी फोन कुणाच्या हातात असेल?

तुम्ही घरातले पहिले पदवीधर. रेशनची ई-केवायसी, भावाच्या स्कॉलरशिपचा फॉर्म, आईचं बँक खातं, सगळ्यांचे ओटीपी तुमच्याच फोनवर येतात ना? माझ्याही येतात. मग आईचं मत कोण देईल? ‘तूच दाब बाळा,’ ती म्हणेल. आणि फडावर? ज्याची उचल अंगावर आहे तो मुकादमच फोन मागेल. त्याला नाही कसं म्हणायचं?

मतदान केंद्रातला पुठ्ठ्याचा आडोसा क्षुल्लक दिसतो. पण मालक, मुकादम, नवरा, शिकलेला मुलगा, सगळ्यांना तो बाहेर थांबवतो.

एस्टोनियात २००५ पासून ऑनलाइन मतदान आहे. कुणी जबरदस्ती केली तर नंतर पुन्हा मत देता येतं, शेवटचं मोजतात. तोड चांगली आहे. पण ज्याचा फोनच दुसऱ्याच्या खिशात, त्याला दुसरी संधी कुठली?

डिसेंबर २०२२ मध्ये निवडणूक आयोगानं स्थलांतरितांसाठी वेगळा प्रस्ताव मांडला: इंटरनेटला न जोडलेलं यंत्र, कामाच्या ठिकाणी केंद्र, तिथूनच आपल्या मतदारसंघासाठी मत. विरोधी पक्षांनी शंका घेतल्या. त्या तपासायलाच हव्यात. पण दिशा मला पटते. मत फोनमध्ये नेण्याऐवजी केंद्र फडाजवळ न्या.

बाबासाहेबांनी १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला. अक्षर न येणाऱ्या माणसाचाही तो हक्क. म्हणून ऑनलाइन मतदानाची योजना आली की ‘सुरक्षित आहे का?’ एवढंच विचारू नका. हेही विचारा: माझ्या आईला माझ्यापासून लपवून मत देता येईल का?

जय भीम.